तुम्ही विचारलंत म्हणून: कॉफीवाल्यांच्या घरी चहा का?

बागेत फिरून झालं, पाकिटं घेऊन झाली, की आई ओट्यावर चहा आणते आणि मग तो प्रश्न येतोच. "अहो, बाग कॉफीची आणि पाहुण्याला चहा?" कोणी हसत विचारतं, कोणी डोळे बारीक करून. अमरावतीच्या एका काकांनी तर तोंडावरच विचारलं, "स्वतःच्या मालावर भरोसा नाही का तुमचा?" मी दरवेळी वेगळं काहीतरी सांगून वेळ मारून नेते. आता एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसता फोन पुढे करीन.

पहिलं उत्तर हिशेबाचं. सहा किलो पिकलं फळ, तेव्हा एक किलो हिरवी, म्हणजे न भाजलेली बी. भाजताना तिचंही सहाव्या हिश्श्याच्या आसपास वजन उडतं. म्हणजे तुमच्या एका कपामागे साठ-सत्तर फळं, तीही लाल बघून एकेक तोडलेली. तोडणीच्या कोरकू बायांना किलोवर पैसे दिले तर हिरवंही ओरबाडलं जाणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. म्हणून आम्ही रोजाने देतो. रविवारी तीस माणसं येतात. तीस कप फुकट वाटू?

हे खरं आहे, पण त्याने काही सुटत नाही. चहापत्ती आणि साखरही परतवाड्याहून विकतच येते.

दुसरं उत्तर असं, की आमच्या घरात कॉफी कोणी पीतच नव्हतं. बाग आजोबांची. १९४२च्या कायद्यानंतर कितीतरी वर्षं देशातल्या बागायतदारांची कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जायची, ते १९९६ साली पूर्ण सुटलं. आमच्या हाती काय आलं? व्यापारी. फळं सालासकट अंगणात वाळवायची, पोत्यात भरायची, काट्यावर ठेवायची. चवीचा विषय कधी निघालाच नाही. कापूस पिकवणारा कुठे आपल्याच कापसाचा सदरा घालतो?

आणि तरी मी पाकिटावर छापलं, 'तीन पिढ्यांनी जपलेली चव'. शेजारी बाबांचा फोटो. तेव्हा मला त्यात खोटं काही दिसलं नाही. तीन पिढ्यांनी झाडं जपली होती, हे खरंच. चवीचं म्हणाल तर फोटोतल्या माणसाने तोवर आयुष्यात एक कप प्यायला होता, आणि तो कसला होता ते मलाच ठाऊक.

पुण्याची नोकरी सोडून आले त्या पहिल्या डिसेंबरची गोष्ट. स्पेशालिटी, म्हणजे चवीला गुण देऊन निवडलेली वरच्या दर्जाची कॉफी, करायची ठरवलं होतं. शंभरपैकी ऐंशी गुण पडले की माल त्या रांगेत बसतो, आणि साडेतीनशे ग्रॅमच्या नमुन्यात काळी, कुजकी अशी मोठी खोट असलेली एकही बी चालत नाही. हे सगळं पाठ होतं मला. चारशे किलो लाल फळ निवडलं, नवीन पल्परमधून साल काढली आणि चिकट बिया संध्याकाळी टाकीत घातल्या. बीवरचा बुळबुळीत थर आंबून सुटतो, मग धुवायचं. थंडीत त्याला जास्त वेळ लागतो असं वाचलं होतं. म्हणून छत्तीस तासांचा गजर लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा टाकीपाशी आले. ही पद्धत त्यांनी कधी केली नव्हती. बाही वर सरकवून त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, मूठभर बिया तळव्यात चोळल्या. खरखर आवाज आला, ओल्या वाळूतल्या खड्यांसारखा.

"झालं व पोरी. काढ आता."

मी म्हटलं, अजून पंधरा तास आहेत.

"मले हातानं समजते."

"बाबा, हे हाताचं काम नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे, कारण नंतर मी ते मनात पुष्कळदा मऊ करून पाहिलं. आज सगळे जण शिकवतात की बी हातात खरखरली की धुवायला काढा. म्हणजे नेमकं तेच. तेव्हा मी गजराची वाट पाहिली. पहाटे झाकण काढलं तर ताक फार दिवस राहिल्यावर येतो तसा वास, आणि त्याच्याखाली कापलेल्या कांद्याचा. असंच असत असेल, असं मी ठरवून टाकलं. वर वाळवणाच्या दिवसांत तीन दिवस आभाळ आलं. ताडपत्री घाला, काढा, घाला.

नमुना बंगळूरला धाडला. निकालाला वेळ होता आणि मला दम नव्हता. आईच्या लोखंडी कढईत मूठभर बी भाजली, मिक्सरला लावली, फडक्यातून गाळली आणि पहिला कप बाबांना दिला. ते खुर्चीत ताठ बसले, फोटो काढायचा असल्यासारखे. घोट घेतला. बशीत ओतली नाही. मी समोर बसून त्यांचा चेहरा वाचत होते. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. कप पूर्ण संपवला.

"चांगली हाय. थोडी आंबट हाय, पन चांगली हाय."

मग मी प्यायले. दुसरा घोट मोरीत गेला.

आठवड्याने निकाल आला. चौऱ्याहत्तर गुण, 'अति आंबलेली'. तो माल व्यापाऱ्याला दिला, त्याने नेहमीच्या भावात घेतला. त्याने वास घेतलाच नाही.

तेव्हापासून ठरवता येत नाही ते एवढंच. बाबा माझ्यासाठी खोटं बोलले, की कॉफी अशीच लागते असं त्यांना खरंच वाटलं? खोटं बोलले असतील तर ठीक, बापच तो. पण दुसरं असेल तर? चाळीस वर्षं ज्या झाडांना पाणी घातलं, मार्चच्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी जाईसारखी पांढरी फुलून आलेली पाहिली, त्यांचं शेवटी हे असं आंबूस पाणी होतं, अशी त्यांची समजूत मीच करून दिली. विचारलं तर कळेल. विचारलेलं नाही.

मागच्या दोन हंगामांत ऐंशीच्या वर गेलो. टाकीत हात आता बाबाच घालतात, गजर बंद. चांगला कप मी त्यांच्यासमोर ठेवते. "ठेव, पेतो," म्हणतात, आणि साय धरेपर्यंत तो तसाच राहतो. मग आई चहा टाकते. तिचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसाची सवय आहे, त्याचं एवढं काय घेऊन बसलीस. असेलही.

पाकिटावरची ओळ अजून तीच आहे. छापलेली दोन हजार पाकिटं संपायची आहेत. हेही पुन्हा हिशेबाचंच उत्तर झालं, कळतं मला.

तर काका, मालावर भरोसा आहे. मागितलीत तर कॉफी मिळेल, पैसेही घेणार नाही. फक्त तुम्ही पीत असताना मी समोर थांबणार नाही, वाळवण पाहायला जाईन.