रायफल म्हणजे काय शर्ट आहे का?

नागपुरात नेमबाजीच्या दहा मीटर प्रकारासाठी स्वतःची एअर रायफल घ्यायला मला सात महिने लागले आणि त्यांतले साडेचार महिने एकाच दुकानाच्या काउंटरवर गेले. पैशांची सोय होती, कागदपत्रे तयार होती, कशी रायफल हवी याचाही अंदाज आला होता. अडले ते एवढ्याशा गोष्टीवर की पैसे मोजण्यापूर्वी मला ती एकदा खांद्याला लावून पाहायची होती. माझी उंची सहा फूट चार इंच आहे आणि या उंचीच्या माणसाने पायजमासुद्धा अंगाला लावल्याशिवाय घेऊ नये, हे मी चाळीस वर्षांत शिकलो आहे.

नेमबाजीकडे मी वळलो ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन स्थितींतल्या रायफल प्रकारात, कांस्यपदक मिळवले, त्याच आठवड्यात मी क्लबचा अर्ज भरला. तेव्हा माझ्या डोक्यात हलकी सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती. दर वेळी हाताने गोळी भरण्याची कटकट नको, असा बाळबोध विचार. क्लबमधल्या सरांनी तो दोन वाक्यांत निकालात काढला. कुसाळे यांच्या प्रकारातही प्रत्येक गोळी हातानेच भरावी लागते, तिथे सेमी-ऑटोमॅटिकला जागाच नाही. आणि शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ती निर्बंधित प्रवर्गात मोडत असल्याने तुमच्या-आमच्या वाट्याला ती येत नाही. उलट ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या ऊर्जेच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दिला की झाले. "जे हातात येईल त्यावर आधी हात बसवा," सर म्हणाले.

हातात आली ती क्लबची रायफल, आणि ती शाळकरी मुलांच्या मापाने लावलेली होती. दस्ता, म्हणजे आमच्या बोलीत स्टॉक, इतका आखूड की माझे नाक मागच्या साइटला, म्हणजे नेम धरण्यासाठी डोळ्यासमोर असलेल्या भागाला, टेकायला येई, उजवे मनगट आत मुडपे आणि डोळा साइटच्या रेषेत आणण्यासाठी मान बगळ्यासारखी वाकवावी लागे. स्पर्धेत पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे मारायचे असतात आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. माझी मान पस्तिसाव्या छर्र्यालाच धरायची. मे महिन्यात तर हॉलमधल्या कूलरच्या झोताने समोरचा कागद फडफडत असे, आणि नेम चुकला की मी खुशाल त्या कूलरला दोष देत असे. शेवटी सरांनी बाजूने माझा फोटो काढला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यानंतर कूलरचे नाव काढायला मला तोंड उरले नाही.

वजनाबद्दलचा माझा समजही त्या दिवशी फिटला. उंच माणसाला जड रायफल सहज झेपते असे मी धरून चाललो होतो. उभे राहून नेम धरताना डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचे असते, म्हणजे रायफलचा भार स्नायूंवर न येता हाडांवरून खाली जातो. माझे धड लांब असल्यामुळे कोपर टेकवले की रायफल डोळ्यापर्यंत पोहोचत नसे आणि रायफल डोळ्याला आणली की कोपर अधांतरी राही. मग तो सगळा भार दंड उचलणार, पाठ मागे झुकून तोल सावरणार आणि संध्याकाळी कंबर त्याचा हिशेब मागणार. नियमाने रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. सरांचे म्हणणे असे की मुळातली रायफल चार-सव्वाचार किलोची घ्यावी, कारण वजनाचे तुकडे हवे तिथे नंतर लावता येतात, लाकडातून वजन काढता मात्र येत नाही. पण हलकेपणा दुसरा. पहिली पाहायची ती लांबी.

एवढे शहाणपण गाठीला बांधून मी त्या दुकानात गेलो. मालकांनी काचेच्या काउंटरवर पुठ्ठ्याचे लांब खोके ठेवले, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चार किलो दोनशे ग्रॅम, भाऊ. एकदम हलकी." मी दस्ता किती लांब होतो ते विचारले. उत्तर आले, "हलकी आहे ना, लांबीचं काय टेन्शन घेता?" बट प्लेट, म्हणजे दस्त्याची खांद्याला टेकणारी बाजू, खाली सरकते का, हे विचारले, तेव्हाही वजनच सांगण्यात आले. खोके उघडून दाखवा म्हटल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. सील तोडले की माल घ्यावाच लागेल, हा दुकानाचा नियम आहे, असे ते म्हणाले. आणि मी खांद्याला लावून पाहण्याची गोष्ट काढताच शेजारी उभ्या नोकराकडे पाहत हसले. "भाऊ, रायफल म्हणजे काय शर्ट आहे का, घालून पाहाले?"

सीताबर्डीच्या फुटपाथवर दोनशे रुपयांचा शर्टसुद्धा अंगाला लावून पाहू देतात, हे वाक्य मला मेट्रोत बसल्यावर सुचले. योग्य वाक्य योग्य वेळी सुचणे माझ्या नशिबात नाही.

दुसऱ्या खेपेला मी चूक केली, आणि हा अनुभव लिहिण्यामागे ती चूकच आहे. दुकानात असलेल्या रायफलपेक्षा जास्त लांब होणाऱ्या दस्त्याची रायफल मागवून देतो, आली की निवांत हाताळून पाहा, असे मालकांनी तोंडी कबूल केले आणि दहा हजार रुपये आगाऊ मागितले. मी ते दिले. बुकिंगच्या फॉर्मवर वडिलांचे नाव होते, जन्मतारीख होती, उंचीचा रकाना नव्हता. मी समासात पेनने '१९३ सेंटिमीटर' असे लिहिले, तेव्हा नोकराने ते छातीचे माप आहे का म्हणून विचारले. त्यानंतर फोनांचे सत्र सुरू झाले. माल मुंबईहून निघाला आहे. माल निघाला होता, पण दुसरीकडे गेला. सणामुळे गाडी नाही. मालक लग्नाला अमरावतीला गेले आहेत. पोळा गेला, दिवाळी तोंडावर आली, आणि मी क्लबच्या आखूड रायफलवर मान मोडत राहिलो. चिडून फोन केला की पलीकडून इतक्या प्रेमाने "होऊन जाते ना भाऊ" असे उत्तर येई की चिडल्याबद्दल आपल्यालाच ओशाळे वाटावे.

अखेर माल आला. या खेपेला मी खिशात शिंप्याचा टेप घेऊन गेलो होतो. (हे खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवे होते. कोपर काटकोनात वाकवून त्याच्या खाचेपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचे अंतर आधी घरी मोजून घ्या. स्पर्धेच्या रायफलला हे माप जसेच्या तसे लागू पडत नाही, पण आखूड रायफल ओळखायला पुरते. माझे माप साडेसदतीस सेंटिमीटर आहे.) खोके उघडले गेले, पण रायफल थर्माकोलमधून बाहेर काढायला मालकांची तयारी नव्हती. म्हणून मी त्या थर्माकोलमध्येच बोट घालून ट्रिगरपासून बट प्लेटपर्यंत टेप लावला. साडेतेहतीस. सोबत दिलेल्या दोन पट्ट्या मध्ये बसवल्या तरी पस्तीसच्या पुढे जाणे शक्य नव्हते. म्हणजे साडेचार महिन्यांनी जवळपास पहिल्याच मापाची रायफल दुसऱ्या रंगात माझ्यासमोर ठेवलेली होती. टेपवरचा आकडा मी मालकांना दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, मग मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले आणि सहानुभूतीने म्हणाले, "उंच माणसाले सगळंच लहान पडते भाऊ. त्याले आम्ही काय करू?"

मी रायफल घेतली नाही. आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, त्या किमतीचा दुसरा माल घ्या, असे सांगण्यात आले. त्या दुकानात माझ्या कामाची दुसरी वस्तू म्हणजे छर्रे.

पुढचे सगळे तीन आठवड्यांत उरकले. क्लबमधले एक ज्येष्ठ नेमबाज काका मुलाकडे कायमचे पुण्याला निघाले होते आणि त्यांची ॲल्युमिनियमच्या स्टॉकची रायफल विकायची होती. ते स्वतः सहा फुटांवर आहेत. त्यांनी दोन रविवार ती मला वापरायला दिली, पैशांचा विषयही काढला नाही, आणि पहिल्याच रविवारी साठावा छर्रा संपल्यावर माझ्या लक्षात आले की आज मानेकडे लक्षच गेले नव्हते. वजनाचे तुकडे काढून ती चार किलो तीनशे भरली. वापरलेली रायफल घेणार असाल तर नळीच्या आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. यात हवा दोनशे बार दाबाने भरलेली असते आणि उत्पादक सिलिंडरला साधारण दहा वर्षांची मुदत देतात. याच्यावर २०१६ होते. नव्या सिलिंडरची किंमत काकांनी स्वतःहून वजा केली आणि रायफलचा क्रमांक घालून विक्रीचा कागद करून दिला.

जुळवणीला दोन संध्याकाळी लागल्या. दस्ता लांबवला, बट प्लेट दोन सेंटिमीटर खाली घेतली, त्यामुळे रायफल आपोआप वर आली आणि मान सरळ राहिली. पुढच्या-मागच्या दोन्ही साइटखाली सारख्या उंचीचे ठोकळे बसवले, तर डाव्या हाताखाली आणखी एक ठोकळा लावल्यावर कोपर एकदाचे कमरेच्या हाडावर टेकले. प्रत्येक बदलानंतर सर मला डोळे मिटून रायफल खांद्याला घ्यायला लावत, दोन श्वास थांबायला लावत आणि मग डोळे उघडायला सांगत. काळे वर्तुळ साइटच्या मधोमध दिसले नाही की पुन्हा स्क्रू फिरवायची ॲलन की हातात. दुसऱ्या संध्याकाळी आठच्या सुमारास मी डोळे उघडले आणि वर्तुळ जागच्या जागी होते. मी ते सरांना लगेच सांगितले नाही. आणखी तीनदा डोळे मिटून उघडले. मग सगळ्या पट्ट्यांवरचे आकडे वहीत उतरवले आणि त्या जागांवर मार्करने बारीक खुणा केल्या, कारण क्लबमधली मुले हात लावल्याशिवाय राहत नाहीत.

दहा हजारांच्या मोबदल्यात मिळालेले छर्र्यांचे आठ डबे घरी आले. प्रत्येक नळीला ठरावीक मापाचा छर्रा मानवतो, म्हणून नळी शिकंज्यात बांधून मी वेगवेगळी मापे मारून पाहिली. माझ्या नळीने ४.५० मिलिमीटरचा छर्रा एकाच भोकातून पाठवला. दुकानाचे आठही डबे ४.४९ चे आहेत.