तुम्ही विचारलंत म्हणून : जजसाहेबांना फ्रेंड रिक्वेस्ट का पाठवत नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी वकिली करतो. पक्षकार, त्यांची मुलं, कधी नवे ज्युनिअरही मला विचारतात, "साहेब फेसबुकवर आहेत, मग तुम्ही त्यांच्या फ्रेंड लिस्टमध्ये का नाही?" ओळख असली तर काम लवकर होईल, अशी भाबडी आशा त्यामागे असते. ज्या न्यायाधीशांसमोर मी उभा राहतो त्यांना मी रिक्वेस्ट पाठवत नाही. कोणी पाठवलीच तर त्यांनी ती स्वीकारू नये, असंही माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे कोर्ट, तहसील, पंचायत समिती आणि बसस्टँड हाकेच्या अंतरावर. साहेब फिरायला कोणत्या रस्त्यानं जातात, भाजी कोणाकडून घेतात, सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच इथं आलेल्या चांगल्या न्यायाधीशांनी अंतर पाळलं. लग्नाची पत्रिका घेतली, पण पंगतीला बसले नाहीत. गावानंही ते कधी मनावर घेतलं नाही. साधारण तीन वर्षांनी बदली व्हायची आणि जी काही तोंडओळख झाली असेल ती तिथंच सुटायची. फेसबुकवरची ओळख बदलीनंतरही सुटत नाही. तेच साहेब पुढं वरच्या पदावर याच जिल्ह्यात आले, तर ती तयारच असते.

एका धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, दाव्यात माझी पक्षकार म्हणजे एक आजी. एका तारखेला तिच्या पुतण्यानं मोबाईल माझ्यासमोर धरला. एका ग्रामपंचायतीत कायदेविषयक शिबिर झालं होतं, त्याचा फोटो. मागे बॅनर, साहेबांच्या खांद्यावर शाल आणि अगदी शेजारी समोरच्या पार्टीचे वकील. खाली लिहिलेलं, 'आदरणीय साहेबांसोबत'. आजी म्हणाली, "हे पाहा जी वकीलसाहेब, थो त सायबाच्या बाजूनंच उभा हाये. आता आपल्या धुऱ्याचं काय होते?"

मी समजावलं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तालुका विधी सेवा समिती असते, कोर्टातले ज्येष्ठ न्यायाधीश तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात, शिबिराला जाणं हे त्यांचं कामच, आणि तिथं बोलायला वकील लागतातच. सगळं खरं होतं. आजीनं मानही हलवली. पण पुढच्या तारखांना साहेब काही बोलले, की ती आधी समोरच्या वकिलांच्या चेहऱ्याकडे पाहायची, मग माझ्याकडे. त्या फोटोत कोणी काही गैर केलं नव्हतं, साहेबांनी तर तो टाकलाही नव्हता. तरी तिचा विश्वास हलला तो हललाच. न्यायाधीश स्वतः जेव्हा वकिलाच्या वाढदिवसाच्या पोस्टवर अंगठा देतात, तेव्हा हरलेल्या पक्षकाराला काय वाटत असेल, हे मला त्या आजीनं दाखवलं.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या बॅरन काउंटीत मुलाच्या ताब्याचा खटला चालू होता. सुनावणी झालेली, निकाल बाकी. मधल्या काळात न्यायाधीशांनी मुलाच्या आईची फेसबुक रिक्वेस्ट स्वीकारली. ती त्यांच्या पोस्ट लाईक करत राहिली. कौटुंबिक हिंसाचाराबद्दलच्या पोस्टही ती टाकत होती, आणि खटल्यात तोच आरोप होता. निकाल तिच्या बाजूनं लागला. निकाल आधीच मनाशी पक्का होता, असं न्यायाधीशांचं म्हणणं. ते खरंही असेल. पण 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 4 विरुद्ध 3 मतांनी ठरवलं, की पक्षपाताचा गंभीर धोका होता आणि प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे जायला हवं. उलट 2018 मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानं, तेही 4 विरुद्ध 3 नंच, म्हटलं होतं की न्यायाधीश आणि वकील नुसते फेसबुक फ्रेंड आहेत एवढ्यावरून न्यायाधीश बदलता येणार नाही. मोठ्या शहरात फ्लोरिडाचं म्हणणं चालून जाईल. आमच्या बार रूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, मोजकेच वकील आहेत, इथं ते चालणार नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 7 मे 1997 रोजी न्यायाधीशांच्या आचरणाची 16 सूत्रं मान्य केली. वकिलांशी, विशेषतः त्याच कोर्टात काम करणाऱ्यांशी, जवळीक टाळावी, अलिप्तता ठेवावी, समोर येऊ शकणाऱ्या विषयांवर जाहीर मत देऊ नये, निकालालाच बोलू द्यावं, हे सगळं त्यात आहे. ती सूत्रं वरिष्ठ न्यायालयांसाठी होती आणि तेव्हा फेसबुक जन्मलंही नव्हतं. तरी तालुका कोर्टाला मला त्याहून नेमकं काही सापडत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती कोटीश्वर सिंह यांच्या खंडपीठानं सुनावणीत तोंडी सांगितलं, की न्यायाधीशांनी फेसबुकवर जाऊ नये, संन्याशासारखं राहावं आणि घोड्यासारखं राबावं. मध्य प्रदेशातल्या महिला न्यायाधीशांना सेवेतून काढल्याचं ते प्रकरण. पुढं फेब्रुवारी 2025 मध्ये याच खंडपीठानं त्यातल्या दोघींची सेवासमाप्ती रद्द केली, हे आमच्याकडे फारसं कोणी सांगत नाही.

संन्याशासारखं राहण्याची अपेक्षा मला जड वाटते. पंचविशी-तिशीतली मुलगी न्यायाधीश होऊन घरापासून दूर, अनोळखी तालुक्यात क्वार्टरमध्ये एकटी राहते. तिनं बहिणीच्या बाळाचे फोटोसुद्धा पाहू नयेत? खातं असावं. पण नावापुढे पद नको, इथले वकील, पक्षकार, पुढारी यादीत नकोत, आणि चालू विषयावर मत तर नकोच.

यातलं अर्धं काम आम्हा वकिलांचं आहे. शिबिराचे फोटो समितीनं टाकावेत, गावाच्या नावानं. वकिलांनी 'साहेबांसोबत' लिहून आपल्या फेसबुकच्या भिंतीवर लावू नयेत. आपल्या दुकानाच्या पाटीला न्यायाधीशांचा चेहरा वापरणं मला लाजिरवाणं वाटतं, आणि हे मी बार रूममध्ये तोंडावर बोललो आहे.

मग लोक पुढचं विचारतात, "तक्रार कुठं करायची?" प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा उच्च न्यायालयाकडे. तालुका न्यायालयांवर उच्च न्यायालयाचं नियंत्रण आहे, संविधानाच्या अनुच्छेद 235 नुसार. सोबत शपथपत्र आणि पडताळता येईल असा पुरावा जोडायचा, निनावी अर्जानं काही साधत नाही. शंका रास्त असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली दावा दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग करण्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात देता येतो. पण एका अंगठ्यावरून किंवा शिबिरातल्या फोटोवरून असा अर्ज मी लिहून देणार नाही, कोणी कितीही फी देऊ केली तरी. दावा चालू असताना साहेबांचं आणि समोरच्याचं त्यावर बोलणं झालं असेल, आणि ते तुम्ही मला दाखवू शकत असाल, तर त्याच दिवशी बसून लिहीन.