शटर जड झालं तेव्हा

बाबांच्या फियाटसाठी घेतलेल्या माहीमच्या गॅरेजला साधं, हाताने ओढायचं शटर आहे. समुद्र ५ मिनिटांवर, त्यामुळे खारी हवा लोखंड खातेच. गेल्या पावसाळ्यात शटर कुरकुरायला लागलं, तर मी दोन्ही बाजूंच्या खाचांत भरपूर ग्रीस चोपडलं. चूकच. रस्त्याची धूळ बसून त्याचा काळा चिखल झाला. आधी खाचा घासून पुसायला हव्या होत्या.

मग ते जड झालं. आई पूर्वी एका हाताने वर ढकलायची. आता मला दोन हात आणि वर गुडघा लागे. अर्ध्यावर सोडलं की थांबायचं नाही, धाडकन खाली! तिथेच कळायला हवं होतं. शटरचं वजन वरच्या पाइपावरच्या स्प्रिंगा पेलतात, आपण नाही. एखादी तुटली की सगळा भार हातावर.

शेजारचे काका स्टूल घेऊन हजर, "उघडून बघू की." मी हात जोडले. पिळून ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जायची. शटरवाल्याला फोन केला. त्याने स्प्रिंग बदलली, तासाभरात काम. निघताना विचारतो, "ताई, एवढं ग्रीस कोणी लावलं?"

मी काकांकडे बघितलं.