नानी पॅसिफिकच्याच

ऑकलंडच्या पापाटोएटोए भागात आमच्या शेजारी नानी राहतात. जन्म पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवरच्या बा या गावातला. दर मंगळवारी संध्याकाळी त्यांच्याकडे रामायण मंडळी जमते. ढोलक, हार्मोनियम, तुलसीदासांच्या चौपाया, आणि पाठ संपला की तानोआ नावाच्या लाकडी भांड्यात कालवलेली कावा, म्हणजे एका झाडाच्या मुळांच्या पुडीचं पेय, यांच्या बोलीत नंगोना. एक टाळी वाजवून करवंटी तोंडाला लावायची. चव मातकट, जीभ जराशी बधिर होते. जेवायला उकडलेला कसावा आणि नारळाच्या दुधातली मासळी.

या घराला 'तुम्ही पॅसिफिकचे नाही' असं कुणी सांगितलं की माझा जीव तळमळतो. न्यूझीलंडच्या जनगणनेत फिजी इंडियन, म्हणजे फिजीतले भारतीय वंशाचे लोक, पॅसिफिक नव्हे तर एशियन गटात मोजले जातात. नानींचा नातू एका शिक्षणसंस्थेत पॅसिफिक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती मागायला गेला, तर त्यालाही याच कारणाने परत पाठवलं. नानी म्हणाल्या, "हम लोग फिजी के है, और कहां के?"

त्यांचे आजोबा गिरमिटिया, म्हणजे गिरमिटावर (करारावर) नेलेले मजूर. १४ मे १८७९ ला 'लिओनिडास' जहाज फिजीला लागलं आणि १९१६ पर्यंत ६०,००० हून अधिक माणसं पाच वर्षांच्या करारावर तिकडे गेली, बहुतेक उसाच्या मळ्यांत. ही मजूरभरती बंद करा, असा ठराव १९१२ मध्ये आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात मांडला होता. सरकारने तो हाणून पाडला. शाळेत गोखले शिकलो, पण हे कुणी सांगितलं नाही.

नानींच्या घरचा ऊस होता, जमीन मात्र मूळ फिजियन लोकांच्या सामाईक मालकीची, ३० वर्षांच्या पट्ट्यावर. १९८७ च्या दोन सत्तापालटांनंतरही हे कुटुंब तिथेच राहिलं. पण १९९७ पासून असे पट्टे संपत गेले आणि अनेकांचे पुन्हा झालेच नाहीत. यांचाही झाला नाही. भाऊ सिडनीला गेला, नानी इकडे आल्या. फिजीत १९८६ ला निम्म्याच्या आसपास असलेले भारतीय वंशाचे लोक २००७ ला ३७ टक्क्यांवर आले, त्यात अशी किती घरं असतील!

आणि आपली माणसं? एका मराठी घरच्या जेवणात "यांची हिंदी कसली!" असं ऐकलं. अवधी-भोजपुरी मुलखातून आलेल्यांनी मळ्यांत घडवलेली ती बोली आहे, असं मी तिथेच सांगितलं.

नातू पुन्हा अर्ज करतोय. सोबत जोडायला शेजारी म्हणून माझं पत्र काल लिहून दिलं. ऑकलंडकर मराठी मंडळींनो, १४ मे ला गिरमिट दिनाच्या कार्यक्रमाला माझ्याबरोबर चला. नानींना मी तसं सांगून ठेवलंय.