१००० पटीचा मायक्रोस्कोप आणि आत्याची महेश्वरी

लॅपटॉपला जोडायच्या यूएसबी मायक्रोस्कोपच्या डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात १०००एक्स (म्हणजे हजार पट) छापलेलं असतं ना, ते वाचायचं आणि सोडून द्यायचं. लॅबमधल्या मायक्रोस्कोपला हजार पटीला लेन्स आणि स्लाइडच्या मध्ये तेलाचा थेंब लागतो, हे यूएसबीवालं स्वस्तातलं नळकांडं तिथवर कुठून जाणार! आपल्याकडे खरं किती दिसतंय ते बघायचं तर स्टीलची पट्टी खाली ठेवा. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन साधारण ३४ सेंटिमीटर रुंद आहे, अगदी चिकटवून फोकस केलं की त्यात पट्टीचे २ मिलिमीटर मावतात, म्हणजे झाले १७० पट. टीव्हीला जोडलं तर आकडा वाढेल पण चित्र नुसतं फुगणार, कारण कॅमेरा ६४० पिक्सेलचा, एका पिक्सेलमध्ये ३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तीन हजारांश. भाच्याला दह्यातले बॅक्टेरिया बघायचे होते, ते एकेक मायक्रॉनचे, त्याला म्हटलं विसर बाबा.

पण ४०-५० पटीत जी मजा आहे ती विचारू नका. आत्या देवासहून आली होती, तिची जुनी महेश्वरी साडी घेऊन बसलो, ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुती हे नुसतं ऐकून होतो, इथे सरळ दिसतं, रेशीम गुळगुळीत चमकतं आणि सुताला बारीक बारीक कुसळं. काठाची जरीची तार म्हणजे आत पिवळा दोरा आणि त्याच्यावर चपट्या तारेचे वेढे, एकाला एक लागून, आणि घडीवर जिथे झिजलीये तिथे वेढे सरकून दोरा उघडा पडलाय. शेजारी नवी ओढणी ठेवली तर तिच्या जरीत नुसती चकचकीत प्लास्टिकची पट्टी, आत दोरा नाहीच. आत्या लगेच, "बघ, मी म्हणत होते ना, चांदीची आहे!" आता चांदी की तांबं हे याच्यात कळत नाही, फक्त बनावट कळते, पण आत्याला कोण सांगणार.

हे नीट दिसायला एक करा, पुढच्या गोल एलईडी बंद करा. तो उजेड वरून सरळ पडतो, काठाची जरी पांढरी फट्ट होते. वायरवरच्या चकरीने लाइट पूर्ण कमी करून मोबाइलची टॉर्च बाजूने आडवी धरा, सावल्या पडल्या की वेढे उठून दिसतात. शंभराच्या नोटेवरची बारीक छपाईपण अशीच मस्त दिसते. आणि जिरावण बघाच, तो इंदुरी मसाला, पोह्यांवर रोज शिंपडतो आपण, त्यात मिठाचे खडे वेगळे, मिरचीची सालं वेगळी, सगळं ओळखू येतं.

स्टँड मात्र बेकार, टेबलावर कोणी कप ठेवला तरी चित्र हलतं. इंदूरच्या जेल रोडवर मोबाइल रिपेअरवाल्यांकडे असतो तसा जड लोखंडी स्टँड मिळाला तर घ्या. कांद्याचा पापुद्रा वगैरे बघायचा असेल तर उजेड खालून लागतो, त्याला टॉर्चवर दुधी झाकण आणि वर काच ठेवली की काम होतं.