आम्ही कुठं गेलोच नाही की!

आज वर्गात स्थलांतरितांचं साहित्य शिकवत होते. झुंपा लाहिरी: आईवडील बंगाली, जन्म लंडनचा, वाढली अमेरिकेत आणि पुढे लिहू लागली चक्क इटालियनमध्ये! दोन भाषांत ओढाताण होणाऱ्या बाईनं तिसरी निवडावी, हे मला फार आवडतं.

मागच्या बाकावरचा, बेळगावजवळच्या खानापूरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ते लोक देश सोडून गेले. आम्ही कुठं गेलोच नाही की!"

खरंच. त्याचे आजोबा मुंबई इलाख्यात जन्मले, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात आले, १९७३ ला कर्नाटकात. घर तेच, चूलही तीच. याला स्थलांतर म्हणायचं का? पुस्तकात रकाना नाही.

मग कवी द. रा. बेंद्र्यांचं सांगितलं. घरची भाषा मराठी, ज्ञानपीठ कन्नड कवितेसाठी. दोन पोरं हसली, एक गप्प झाला. (तो गप्प का झाला, ते मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.)

येताना भाजी घेतली. भाव केला कन्नडमध्ये, पैसे मोजले मराठीत. भाजीवालीनं बरोबर उलटं केलं आणि कोथिंबिरीची जुडी वर टाकली.