भिंतीवर कोणता फोटो लागणार?

एका वस्तीतल्या लोकांनी स्वतः फोटो काढले, त्यांतले काही निवडले आणि पोस्टर करून वस्तीतल्याच भिंतींवर लावले; ते काम बघायला मी गेले होते. या लेखात एकही फोटो नाही आणि गावाचं नावही नाही. तिथल्या माणसांनी आपले चेहरे भिंतीवर लावायला होकार दिला होता, इंटरनेटवर टाकायला नाही. संमतीपत्रावर या दोन गोष्टींचे चौकोन वेगवेगळे होते आणि बहुतेकांनी दुसरा रिकामा ठेवला होता. लोकसहभागातला कुठलाही फोटोप्रकल्प बघायला गेले की मी आधी हा कागद मागते. एकाच सहीत काढणं, छापणं, दाखवणं, 'कुठेही वापरणं' असं सगळं उरकलेलं असेल तर सहभाग नावापुरताच असतो. प्रश्न चार असायला हवेत: फोटो काढला तर चालेल का, वस्तीतल्या भिंतीवर लावला तर, वस्तीबाहेर दाखवला तर, आणि इंटरनेटवर गेला तर. मुलांसाठी पालकांची सही लागते, पण विचारायचं मुलालाही. आई 'हो' म्हणाली आणि मूल 'नको' म्हणालं, तर उत्तर 'नको'.

प्रवासाचं सांगण्यासारखं फार नाही. रात्रीची गाडी, पहाटे दुसरी, शेवटचा टप्पा पायी. राहायची सोय शाळेच्या एका खोलीत होती. तिथे स्वच्छता होती, पंखा होता आणि दाराला आतून कडी होती. मला एवढं पुरतं. सोबत १० × १५ सेंमीच्या प्रिंट्सची खोकी होती. वस्तीतल्या लोकांनी आधीच्या आठवड्यांत काढलेले हे फोटो. काही त्यांच्याच फोनवर काढलेले, काही सत्तावीस फ्रेमच्या, एकदाच वापरायच्या फिल्म कॅमेऱ्यांवर. या कॅमेऱ्यांबद्दल लोकांना दोनच गोष्टी नीट सांगाव्या लागतात. एक मीटरपेक्षा जवळ गेलात तर चित्र धूसर येणार, आणि फ्लॅशचा उजेड तीन मीटरपलीकडे पोचत नाही. हे न सांगता कॅमेरे वाटले की अर्धी फिल्म काळी येते आणि लोकांना वाटतं, आपल्याला जमत नाही.

फोनच्या फोटोंचा घोळ वेगळा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो; लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. पोस्टर १३५ सेंमी उंच करायचं म्हटलं तर इंचाला जेमतेम तीस ठिपके मिळतात आणि चेहऱ्याचे चौकोन पडतात. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. बारा मेगापिक्सेलच्या फोनमधून इंचाला पंचाहत्तरच्या आसपास ठिपके मिळतात. तीन मीटरवरून बघायच्या भिंतीला ते भरपूर झाले.

आता निवडीची दुपार. सगळा प्रवास मी या दुपारसाठी केला असं म्हणायला हरकत नाही.

सभागृहात जमिनीवर चादरी अंथरल्या होत्या आणि त्यांवर प्रिंट्स मांडल्या होत्या. विषयवार नव्हे, फोटो काढणाऱ्याप्रमाणे. हे महत्त्वाचं आहे, कारण 'पाणी', 'कचरा', 'बालपण' असे ढीग आपण आधीच लावले की काय बोलायचं ते आपणच ठरवून टाकलेलं असतं. प्रत्येक प्रिंटच्या मागे क्रमांकाचं छोटं स्टिकर होतं. या कागदाची पाठ प्लास्टिकचा थर दिलेली असते. पेन्सिल त्यावर उमटत नाही, बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढच्या बाजूला वळ उठतो, आणि मार्करची शाई वाळायच्या आत चळत रचली तर ती खालच्या फोटोच्या तोंडावर उतरते. स्टिकर लावायला वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही.

पहिला नियम असा की ज्याने फोटो काढला त्याने आधी नको असलेले फोटो पालथे घालायचे. कारण विचारायचं नाही. उरलेल्यांतून दोन निवडायचे. संयोजकांनी प्रिंट्सना हात लावायचा नाही.

एका बाईंच्या चादरीवर एक फोटो होता, बाहेरून आलेल्या प्रत्येकाचे डोळे तिथेच जात होते. दारात उभी मुलगी, बाजूने येणारा उजेड, मागे अंधार. स्पर्धेत बक्षीस मिळावं असा. बाईंनी तो पालथा घातला. एका कार्यकर्त्याने वाकून तो पुन्हा सरळ केला आणि म्हणाला, "ताई, हा राहू द्या ना, सगळ्यांत छान आलाय." बाईंनी परत पालथा घातला. "अहो, ती माझी मुलगी आहे. तिचं भिंतीवर काय काम? जिना लावा, जिना."

जिन्याचा फोटो अंधारातला, हललेला. कमी उजेडात फोन शटर बराच वेळ उघडं ठेवतो, सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त. हात थोडा जरी हलला तरी कडा पसरतात. पण पाचव्या पायरीची तुटकी कड दिसत होती आणि बाईंना तेवढंच दाखवायचं होतं.

मला त्या कार्यकर्त्याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्याचा हेतू चांगला होता हे मान्य. पण या पद्धतीचं मूळच निवड कोणाची या प्रश्नात आहे. १९९०च्या दशकात कॅरोलिन वँग आणि मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले आणि त्यातून 'फोटोव्हॉइस' ही पद्धत उभी राहिली. तिचे तीन टप्पे: फोटो निवडणं, त्यामागची गोष्ट सांगणं, आणि त्यांतून निघणारे मुद्दे शोधणं. तिन्ही टप्पे फोटो काढणाऱ्यांच्या हातातले. पहिलाच आपण काढून घेतला तर पुढच्या दोन्हींना अर्थ उरत नाही.

मग त्या जिन्याच्या फोटोवर या पद्धतीतले नेहमीचे पाच प्रश्न विचारले गेले. यात काय दिसतंय? इथे खरं काय चाललंय? याचा आपल्या जगण्याशी काय संबंध? हे असं का आहे? आपण काय करू शकतो? चौथ्या प्रश्नाला गाडी अडली, आणि तिथेच खरं बोलणं सुरू झालं. जिना दोन घरांचा सामाईक, दिवा कोणी लावायचा आणि पायरी कोणी बांधायची हे ठरतच नव्हतं. शेजारच्या चादरीवरची माणसं आपले फोटो सोडून तिथे येऊन बसली. बोलणं रेकॉर्ड केलं होतं, त्यामुळे फोटोखालची ओळ बाईंच्याच तोंडची राहिली: "पाचवी पायरी. रात्री मोजत उतरायचं." कोणी तिला 'पायाभूत सुविधांचा अभाव' करून टाकलं नाही, याबद्दल मी संयोजकांची ऋणी आहे.

पोस्टर्स जवळच्या शहरात छापली, वास्तुविशारदांचे नकाशे छापतात त्या मोठ्या यंत्रावर. तिथला रोल ९१४ मिमी रुंद असतो, म्हणून ९० × १३५ सेंमीचं पोस्टर जोड न देता एकसंध निघतं. फ्रेंच कलावंत जेआर याने २०११मध्ये सुरू केलेल्या, लोकांच्या चेहऱ्यांची पोस्टरं भिंतींवर लावण्याच्या 'इनसाइड आउट' प्रकल्पामुळे हाच आकार जगभरच्या भिंतींवर दिसू लागला. कागद चौरस मीटरला ८० ते ९० ग्रॅम वजनाचा, साधा, बिनचकाकीचा. चकचकीत कागद खळ पीत नाही आणि वाळल्यावर सुटतो. छपाईच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवून पुसायचा; काळं बोटाला लागलं तर ती शाई ओल्या खळीत ओघळणार. हललेल्या फोटोच्या कडा छापण्याआधी कृत्रिमपणे ठळक करायच्या नाहीत, त्यांच्याभोवती पांढरी रेघ उमटते. फक्त सावल्या थोड्या उजळायच्या.

खळीचं प्रमाण: एक भाग मैदा एक भाग गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, चार भाग उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचा, आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं. मग कापडातून गाळायची. एक गुठळी राहिली तरी चेहऱ्यावर फोड दिसतो. बुरशी लागू नये म्हणून काहीजण मोरचूद घालतात; ते विषारी आहे, मुलं हाताने खळ लावणार असतील तर अजिबात नको. त्यापेक्षा रोज ताजी शिजवावी.

भिंतीवर आधी तळहात घासून बघायचा. हाताला पांढरं आलं तर चुना सुटतोय, आणि कागद चुन्यासकट खाली येणार. अशी भिंत तारेच्या ब्रशने घासून, पातळ खळीचा एक हात देऊन वाळू द्यावी लागते. ओल असलेली भिंत सरळ सोडून द्यावी. तिथे आतून क्षार फुलतात आणि कागद ढकलतात. खळ पोस्टरपेक्षा चार बोटं जास्त जागेत लावायची, वरची कड आधी टेकवायची, मधून बाहेर हात फिरवत खाली यायचं, मग वरून पातळ थर. ओला कागद फुगतो आणि सुरकुत्या पडतात. बारीक सुरकुत्या वाळताना आपोआप ताणल्या जातात, त्यांच्यामागे लागून कागद फाडू नये. भर उन्हात हे काम करू नये, खळ कागदात मुरायच्या आत सुकते आणि कोपरे उचलतात.

उद्घाटनाच्या संध्याकाळी फार गर्दी झाली. पाहुणे पोस्टरांसमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढत होते आणि ते इंटरनेटवर जाणार हे उघड होतं. म्हणजे रिकामा ठेवलेला दुसरा चौकोन तिथेच मोडला. यावर माझ्या माहितीतला एकच उपाय थोडाफार चालतो: संमती फक्त भिंतीपुरती असलेले चेहरे आतल्या गल्लीत लावायचे आणि दर्शनी रस्त्यावर जिने, दारं, नळ, हात.

अशा प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात कॅमेरे असतात, बॅनर असतो. तीन महिन्यांनी परत येणाऱ्या माणसाचा खर्च मात्र नसतो, आणि संमती मागे घेतली जाते ती बहुधा तेव्हाच. कागद काढायला कोमट पाण्याचा फवारा मारायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा मारायचा, आणि रुंद पत्र्याने खालून वर सोलत जायचं. इथे ते काम वस्तीतल्या दोन तरुणांना आधीच शिकवलं होतं. फवारा, पत्रा, संमतीपत्रांची वही आणि सगळ्या मूळ फाइल्सचा पेन ड्राइव्ह त्यांच्याकडेच ठेवला आहे.